बेघर आणि दीर्घकाळ बेरोजगार : आधी काम, आधी छप्पर, की आधी आणखी काही?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि जरा वैतागूनच लिहितेय.

आम्ही सात जण मिळून एक छोटा उपक्रम चालवतो. रस्त्यावर किंवा रात्रनिवाऱ्यात राहणारे, वर्षानुवर्षे हाताला काम नसलेले लोक पुन्हा उभे राहावेत, एवढाच हेतू. एका भल्या माणसाने दोन खोल्या वर्षभर वापरायला दिल्या आहेत. सुरुवातीला सहा आठवड्यांचा वर्ग काढला : संगणकाची तोंडओळख, अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत कसे बोलायचे. चौदा जणांनी नावे दिली, शेवटपर्यंत टिकले पाच. नोकरी लागली एकाला, आणि त्याने ती बाराव्या दिवशी सोडली.

आता देणगीदार विचारतात, फलित काय? आमच्यातच दोन तट पडलेत. एक म्हणतो वर्ग सुधारू, प्रमाणपत्र देऊ. दुसरा म्हणतो, ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही त्याला ईमेल कसला शिकवता?

हे जवळून पाहिलेल्या, केलेल्या किंवा भोगलेल्या लोकांनी लिहा. सुरुवात कुठून करायची? प्रवचन नको, अनुभव हवेत.

वाचनखूण

वाचतेय.

घासाघीस

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बाराव्या दिवशी नोकरी सोडली, यातच सगळे आले. मी माणसे कामावर ठेवतो. जागा निघतात, भरत नाहीत. ज्याला काम करायचे असते तो करतो. बाकीच्यांना वर्ग द्या, कपडे द्या, काहीही द्या, फुकटचे अंगवळणी पडले की माणूस हलत नाही.

दुपारची_झोप

दुसऱ्याच प्रतिसादात 'फुकटचे' आले. मी चौथ्यावर पैज लावली होती. हरलो.

तिसरा_बाक

उंबरठाताई, तुमचे दोन तट म्हणजे या क्षेत्रातले जुनेच भांडण आहे.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी जिन्याची पद्धत होती. आधी व्यसन सोड, मग निवाऱ्यात नीट वाग, मग सामायिक खोली, मग लायक ठरलास तर घर. प्रत्येक पायरीवर कोणीतरी परीक्षक. आणि घसरला की थेट तळाला. १९९२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने 'पाथवेज टू हाउसिंग' सुरू केले आणि हा जिनाच उलटा केला. घर आधी, लायकीची परीक्षा न घेता. उपचार, समुपदेशन, कामाची मदत हे सगळे दारापर्यंत आणून द्यायचे, पण घेतलेच पाहिजे अशी सक्ती नाही. यालाच 'हाउसिंग फर्स्ट' म्हणतात.

फिनलंडने २००८ पासून हे देशाचे धोरण केले. खाटांचे निवारे बंद करत करत त्याच इमारतींत स्वतंत्र घरे केली. राहणाऱ्याच्या नावावर भाडेकरार, त्याच्या हातात किल्ली. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून जास्त लोकांवर याची रीतसर चाचणी घेतली : चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला आधी घर, दुसऱ्याला नेहमीच्या सेवा. घर मिळालेले लोक घरात टिकले, दुसऱ्या गटाच्या कितीतरी जास्त प्रमाणात.

पण (हे 'घर आधी'वाले हळू आवाजात सांगतात) घर मिळाल्याने घर टिकते. नोकरी काही आपोआप चालत येत नाही. त्या आघाडीवर फरक असा ठळक दिसला नाही.

घासाघीस

म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरले की.

तिसरा_बाक

नाही. चष्मा दिला म्हणून पुस्तक वाचून होत नाही, पण त्यावरून चष्मा फुकट गेला असे म्हणत नाहीत.

निमूट

या संस्थळावर सहा वर्षे नुसता वाचतो आहे. आज पहिल्यांदा लिहितो. चुकले तर सांभाळून घ्या.

मी एक वर्ष आणि चार महिने रात्रनिवाऱ्यात होतो. त्याआधी हिशेबनीस. घर कसे गेले ते सांगत बसत नाही, त्यात माझ्याही चुका आहेत.

आमचा निवारा रात्री आठला उघडायचा, पण खाटा मोजक्या, म्हणून रांग सहालाच लागायची. सकाळी सातला सगळ्यांना बाहेर. मला एका गोदामात काम मिळत होते, सुटायची वेळ सात. म्हणजे काम घेतले तर खाट गेली, आणि खाट धरली तर काम गेले. पहिले तीन दिवस काम घेतले. तीन रात्री एका बंद दुकानाच्या पायरीवर काढल्या. चौथ्या दिवशी उभ्याउभ्या झोप लागली आणि हातातले खोके पडले. मुकादम म्हणाला, दारू पिऊन येतोस का?

आणि पिशवी. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. माझे सगळे जग एका पिशवीत होते : कागदपत्रे, एक बरा शर्ट, चष्म्याची जुनी काच, आईचा फोटो. मुलाखतीला जाताना ती ठेवायची कुठे? घेऊन गेलो तर पहारेकरी दारातच बघतो. एकदा झुडपामागे ठेवून गेलो. मुलाखत बरी झाली. परत आलो तर पिशवी नव्हती. कागद गेले, मग ती नोकरीही गेली. निवाऱ्यात बूट उशाखाली घेऊन झोपायची सवय लागली होती, ती आजही पूर्ण गेलेली नाही. बायको हसते.

अर्जात 'पत्ता' असा रकाना असतो. निवाऱ्याचा पत्ता लिहिला की बोलावणे येत नाही. मी तीन अर्ज एकाच ठिकाणी दिले होते, दोन निवाऱ्याच्या पत्त्याने आणि एक मित्राच्या. बोलावणे कुठल्या पत्त्यावर आले असेल ते ओळखा.

वाचनखूण

निमूट, लिहीत राहा. _/\_

उंबरठा

निमूट, तुमचा प्रतिसाद वाचून त्या 'बाराव्या दिवशी'वाल्याला शोधला. आज भेटला. इतके दिवस आम्ही कोणी विचारलेच नव्हते, सगळ्यांनी मनातल्या मनात निष्कर्ष काढून ठेवला होता. पगार महिन्याच्या शेवटी होता. हातातले पैसे पाच दिवसांच्या प्रवासात संपले. पुढचा आठवडा तो रोज दीड तास चालत गेला. बाराव्या दिवशी टाच फुटली. साहेबांकडे उचल मागायची लाज वाटली.

घासाघीस, त्याला काम करायचे होते हो.

घासाघीस

हे वाचले. बरे वाटले नाही. तरी सगळेच असे असतात असे मी म्हणणार नाही. माझ्याकडेही अर्ध्या दिवसात न सांगता गेलेले लोक आहेत. पण नवीन माणसाला पहिले दोन महिने आठवड्याला पगार देणे, यात अवघड काही नाही. ते मी करू शकतो. खरे तर इतके दिवस का केले नाही, ते मलाच कळत नाही.

आकडेमोड

'माणूस हलत नाही' यावर. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची गिरणीची वसाहत होती. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल तिथे अभ्यासाला गेले, १९३३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी चक्क रस्त्यावर लोकांचा चालण्याचा वेग मोजला. वेळच वेळ असलेले पुरुष पावलापावलावर थांबत होते. घड्याळ घालणे सोडून दिले होते. वाचनालय फुकट होते, दिवस मोकळा होता, तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. बायका मात्र भरभर चालत होत्या, कारण घरचे काम कुठे बंद पडते!

लोकांना वाटायचे बेकारीने माणूस पेटून उठेल. दिसले ते उलटेच. माणूस आक्रसतो. याहोदाबाईंनी पुढे मांडले की नोकरी पगाराबरोबर बरेच काही न सांगता देत असते : दिवसाला आकार, घराबाहेरची माणसे, समाजात ओळख, सर्वांच्या कामात आपलाही हात असल्याची भावना. पैसे दुसरीकडून भरून काढता येतात, हे बाकीचे येत नाही.

गंमत म्हणजे मारिएन्थाल ज्या गावाच्या हद्दीत येते त्या ग्रामाटनोयझीडलमध्येच २०२० पासून एक प्रयोग झाला. वर्षाहून जास्त काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी, सक्ती नाही. काहींना खासगी नोकरीसाठी अनुदान, बाकीच्यांसाठी गावातच नवीन कामे काढली. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून दहा भागांत असेच सुरू केले. त्यांची धारणा अशी की कामास नालायक असा कोणी नसतो आणि गावात न झालेल्या कामांचाही तोटा नसतो. बेकारीवर जो खर्च होतोच तो पगाराकडे वळवायचा. २०२० मध्ये नवा कायदा करून आणखी भाग जोडायला वाट केली.

दुपारची_झोप

मला नोकरी असूनही मी पावलापावलावर थांबतो, विशेषतः सोमवारी. माझाही अभ्यास व्हावा.

घासाघीस

मग काम सरकारनेच काढायचे? आणि संपले की?

आकडेमोड

हा प्रश्न बरोबर आहे. या प्रयोगांवर मुख्य टीका तीच आहे : अनुदान आटले की काय, आणि गावातल्या आधीच्या धंद्यांच्या पोटावर पाय येतो का. फ्रान्समध्ये म्हणूनच आधी स्थानिक समिती बसते आणि कोणाच्या धंद्याशी स्पर्धा होणार नाही अशी कामे निवडते. ते बोलायला सोपे, करायला महाकठीण.

आतली_बाजू

माझी बाजू टेबलापलीकडची. बरीच वर्षे भरती करत होते. खरे सांगते, अर्जात दोन वर्षांहून मोठी रिकामी जागा दिसली की तो कागद खाली जायचा. कोणी सांगितले नव्हते, हातच तसा वळायचा.

नंतर मानसिक आजारातून सावरणाऱ्यांना काम मिळवून देणाऱ्या एका गटात गेले. तिथे 'आधी शिकवा मग नोकरी' याच्या उलट चालायचे. आधी खरी नोकरी शोधा, मग तिथेच, त्या कामापुरते शिकवा, आणि मागे कोणीतरी उभे राहा. ही पद्धत अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी घडवली. गंभीर मानसिक आजार असलेल्यांवर अनेक देशांत चाचण्या झाल्या, आणि 'आधी शिकवा'पेक्षा ही पद्धत पुन्हा पुन्हा सरस ठरली. यातला 'मागे उभा राहणारा' फार महत्त्वाचा. आमच्याकडे एक जण रोज सकाळी फक्त फोन करायचा : उठलास का? दोन महिने एवढेच काम.

उंबरठाताई, म्हणून म्हणते, प्रमाणपत्राचा नाद सोडा. ते प्रमाणपत्र मी भरतीला बसले असताना कधी उलटूनही पाहिले नव्हते.

खिळा_हातोडी

वर्गही नको आणि नुसता फोनही नको, हातात पटाशी द्या. आम्ही टाकून दिलेले फर्निचर आणून दुरुस्त करून विकतो. कल्पना आमची नाही, एमाऊस या संस्थेची. फ्रान्समध्ये १९४९ साली आबे पिएर या धर्मगुरूंना जीव द्यायचा प्रयत्न केलेला एक कैदेतून सुटलेला माणूस भेटला. तुला द्यायला माझ्याकडे काही नाही, पण बेघरांची घरे बांधायला मला हात हवेत, अशा अर्थाचे ते त्याला म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. तो थांबला. पुढे भंगार वेचून, दुरुस्त करून, विकून पोट भरणाऱ्यांच्या वसाहतीच उभ्या राहिल्या.

आमच्याकडे एक जण आला, वय पन्नाशीचे. कोणाशी बोलणे नाही. त्याला एक खुर्ची आणि पॉलिश पेपर दिला. तीन आठवडे घासत होता. आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, तेही लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच, न सांगता. बोटे फिरवून बघायचा, परत घासायचा. खुर्ची अशी झाली की विकावीशी वाटेना. एक दिवस निघताना विचारले, "उद्या किती वाजता?" ते त्याचे पहिले वाक्य. आज पॉलिशचे काम तोच बघतो आणि माझ्या चुका सगळ्यांसमोर काढतो.

घासाघीस

आणि तो तिथून बाहेर कधी पडणार? हा टोमणा नाही, खरेच विचारतो.

खिळा_हातोडी

वर्मावर बोट ठेवलेत. सहा वर्षे झाली, पडलेला नाही. आमच्यात यावर दर महिन्याला खडाजंगी होते. तो गेला तर जागा रिकामी होईल, नवीन माणूस येईल. पण चांगला कारागीर सोडायचा जिवावर येतो, हेही खरे. आणि त्याला विचारले तर म्हणतो, मी कुठे जाऊ आणि का?

चौकट

आबे पिएरांची गोष्ट अर्धीच सांगू नका. ते २००७ मध्ये गेले. जुलै २०२४ मध्ये एमाऊसनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल जाहीर झाला, त्यात अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले होते. पुढे आणखी तक्रारी आल्या. त्यांच्या नावाच्या संस्थेने नावसुद्धा बदलले.

खिळा_हातोडी

माहीत आहे. लिहायला हवे होते, टाळले. चुकले.

चौकट

धन्यवाद. मी हे चिखल उडवायला लिहिले नाही. ज्याची खाट, जेवण आणि काम एकाच माणसाच्या मर्जीवर आहे, तो त्या माणसाविरुद्ध कधीच तोंड उघडत नाही. उंबरठाताई, तुमच्या दोन खोल्यांतही हे होऊ शकते. तक्रार ऐकायला उपक्रमाबाहेरचे कोणीतरी ठेवा, आणि त्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. सात भल्या माणसांना हे अपमानास्पद वाटेल. वाटू दे.

सावरी

अवांतर : बेघरांचा फुटबॉलचा विश्वचषक असतो, माहीत आहे का? २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला पहिला झाला, अठरा संघ होते.

घासाघीस

खेळून पोट भरते?

सावरी

नाही. पण सरावाला वेळेवर यावे लागते आणि कोणी आले नाही तर बाकीचे तीन जण शोधायला जातात. तुमच्या कारखान्यात जातात का?

घासाघीस

:) नाही जात.

दुपारची_झोप

या लोकांना म्हणायचे काय, यावर धागा अजून पेटला नाही? लाभार्थी, ग्राहक, सदस्य?

निमूट

आम्हाला 'केस' म्हणायचे. "केस नंबर चाळीस आली का?" माझ्या डोक्यावरचे तर तोपर्यंत सगळे गेले होते, मी एकटाच काय तो केस उरलो होतो.

वाचनखूण

निमूट!! हापिसात फुटले मी.

उंबरठा

दहा दिवसांनी येतेय. सगळ्यांचे आभार. आधी करायला हवे होते ते आता केले : वर्ग थांबवला आणि संध्याकाळी बसून आठ जणांना विचारले, आम्ही या खोल्यांचे काय करू?

वर्ग कोणीही मागितला नाही. एक म्हणाला, फोन चार्ज करायला जागा द्या. दुसरा म्हणाला, टपाल येईल असा पत्ता. एक बाई म्हणाल्या, आतून कडी लागणारे न्हाणीघर, आणि एवढे बोलून उठून गेल्या. आठपैकी सहा जणांनी सामानाचे काढले. निमूट, मला तुमची पिशवी आठवली.

म्हणून जुनी लोखंडी कपाटे घेतोय, बारा कप्प्यांची. देणगीदारांना फलित म्हणून काय लिहायचे ते अजून सुचलेले नाही. कोणी सुचवा.

आतली_बाजू

"बारा जण मुलाखतीला रिकाम्या हातांनी गेले" असे लिहा.

निमूट

दोन सूचना. किल्ली त्यांच्याकडेच द्या, नुसता नंबर देऊन तुमच्याकडे ठेवू नका. आणि सकाळी सातला उघडा. साडेनऊला उघडून उपयोग नाही, तोवर कामाची वेळ होऊन गेलेली असते.

उंबरठा

सातला कोण उठणार यावर आमच्यात महायुद्ध झाले. वेळापत्रक लागले. मी सोमवार आणि गुरुवार.

उंबरठा

धागा वर काढतेय, तीन महिने झाले. बाराही कप्पे भरलेत, चौघे प्रतीक्षेत. पत्त्यावर टपाल येते. घासाघीस यांच्याकडे दोघे लागले, आठवड्याच्या पगारावर. एक टिकला, एक गेला. एकाने ओली चादर कोंबून ठेवली होती, आठवडाभर खोलीत उभे राहवेना.

आता नवाच पेच. सात नंबरचा कप्पा सव्वा महिना उघडलेला नाही. माणसाचा पत्ता नाही, फोन बंद. निवाऱ्यात, रुग्णालयात विचारून झाले. बाहेर चौघे वाट बघताहेत. कुलूप तोडायचे का?

तिसरा_बाक

नियम काय केला होता?

उंबरठा

नियमच केला नव्हता. सुचलाच नाही.

चौकट

तोडायचेच झाले तर दोघांच्या समोर, यादी करून, सह्या घेऊन. आणि सामान टाकायचे नाही, गाठोडे बांधून नाव घालून ठेवायचे.

निमूट

थांबता आले तर थांबा. मी एकदा दोन महिन्यांनी परत आलो होतो. आजारी होतो, कळवायला फोन नव्हता.

घासाघीस

कुलूप तोडू नका. माझ्याकडे एक कपाट पडून आहे, सहा कप्प्यांचे. उद्या पाठवतो. मधले एक दार नीट लागत नाही, तेवढे बघून घ्या.

खिळा_हातोडी

बिजागरी गेली आहे की कडी?

घासाघीस

बिजागरी. खालची.

खिळा_हातोडी

मग आधी माझ्याकडे पाठवा. आमच्या खुर्चीवाल्याला दाखवतो.